वजाबाई

४ जुलै

धाकटे,

मायेने लिहितेय असं समजू नकोस. फोनवर तू बोलत राहतेस, मी हूं हूं करत राहते, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की मला भांडायचं होतं. म्हणून कागद. कागदावर कुणाला मध्येच बोलता येत नाही.

तुझी तिसरी माझ्या गळ्यात पडली आहे. मोठ्या सरांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीचा वर्ग ती येईपर्यंत तुम्हीच सांभाळा बाई. घरचीच गोष्ट आहे." म्हणजे सकाळी तुझी तिसरी, दुपारी माझी पाचवी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. परक्या भाषेतून गणित कसं शिकवावं याच्या प्रशिक्षणाला खात्याने आपल्या शाळेला एक जागा दिली. अर्ज दोघींनी केला. जागा तुला मिळाली आणि तुझा वर्ग मला. तू शाळेत जाताना रडायचीस तेव्हा मी शिकवायला लागले होते, पण ते असो.

तुला सोडायला स्टँडवर आले नाही, कारण गुडघा दुखत होता. हवं तर आईला विचार. किंवा नको विचारूस.

वर्गाचं सांगते. बर्फाच्या कारखान्यात कामाला आलेल्या लोकांची ही मुलं, घरी त्यांची भाषा आणि शाळेत आपली. दोन वर्षं शाळेत काढली तरी मी "पंचवीस" म्हटलं की निम्मा वर्ग बावन्न लिहितो, कारण कानावर आधी पाच पडतात. "एकोणतीस" म्हटलं की त्यांना तीस ऐकू येतं आणि ते त्यापुढे नऊ मांडून एकोणचाळीस लिहून मोकळे होतात. त्यांच्या भाषेत म्हणे आधी दहा सांगतात आणि मग सुटे, सरळ ओळीत. असेल. तू दोरीवर लटकवलेली त्यांच्या भाषेतल्या आकड्यांची कार्डं मी काढून कपाटात टाकली. शाळेत शाळेची भाषा. भिंतीवर तू रंगवलेल्या दोन झोपड्या तेवढ्या राहिल्यात, एकीवर दशक, एकीवर एकक, मध्ये कुंपण. त्या पुसता येत नाहीत म्हणून राहिल्या.

"धाकट्या बाई कधी येणार?" हे रोज. हजेरी घेतानाही. "हजर" म्हणायच्या जागी एकाने हेच विचारलं.

आणि मला नाव पडलंय. पहिल्याच दिवशी फळ्यावर "वजाबाकी" लिहिलं आणि विचारलं, काय लिहिलंय? मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने वाचलं, "वजाबाई". सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना ते पटलं. तेव्हापासून मी वजाबाई. तुला ती काय म्हणायची ते मी विचारलं नाही. बेरीजच असणार तू.

तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. आईला ते आवडलेलं नाही.

थोरली

२२ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. आईने ते माझ्याकडून वाचून घेतलं, उशीखाली ठेवलं, आणि संध्याकाळी काढून पुन्हा वाचून घेतलं. मी रोज तिच्यासमोर बसून जेवते, मला कुणी उशीखाली ठेवत नाही. बोलून दाखवलं तर म्हणते, "मला दोन्ही डोळे सारखेच गं." असतील. पाणी मात्र एकाच डोळ्याला येतं.

आता कामाचं. तुझ्या वर्गाला वजाबाकी येत नाही. बेरीज धडाधड करतात, वजाबाकी आली की घोडं अडतं. बेचाळीसातून सतरा गेले, उरले पस्तीस. एकाचं नाही, अख्ख्या वर्गाचं पस्तीस. एकसष्टातून चोवीस गेले, उरले सत्तेचाळीस. एकमेकांचं बघून लिहितात म्हणून लांब लांब बसवलं, तरी तेच. आणि गंमत म्हणजे अठ्ठेचाळीसातून पंधरा विचारले तर बरोबर तेहतीस येतात. चुकतात तेव्हा मोजून दहाने चुकतात, आणि कायम जास्तच, कमी कधीच नाही.

हे माझ्याकडे येऊन झालेलं नाही. हे तू शिकवून गेली आहेस.

तुझी ती मिरी आहे ना, इवलीशी, तिखट डोळ्यांची. हजेरीतलं तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी मिरी म्हणते. तिच्या पस्तीसवर मी लाल फुली मारली की ती आधी फुलीकडे बघते, मग माझ्याकडे, जणू चूक माझीच. एवढ्याशा पोरीसमोर मला पदर सावरावा लागतो.

फेब्रुवारीत खात्याची परीक्षा आहे, सगळी शाळेच्या भाषेतून. त्यात मुलं नापास झाली तर हा अख्खा वर्ग पुन्हा तिसरीतच बसणार. मोठे सर म्हणाले, "तिकडे तुमच्या बहिणीचं नाव होतंय, इकडे तिच्या वर्गाचं काय होतंय ते बघा." ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग वर्गात गेले, त्यांचे चेहरे बघितले आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

तू लिहितेस, "ताई, नुसतं उत्तर तपासू नकोस, कसं केलं ते त्यांना विचार." विचारायला त्यांची भाषा यावी लागते. तुला येते. त्यांच्या बायकांबरोबर ओट्यावर गप्पा मारत तू ती शिकलीस, तेव्हा मी घरी आईचं पथ्यपाणी बघत होते. मला शिकायला ओटा कुठला मिळाला?

थोरली

९ ऑक्टोबर

धाकटे,

सापडली. तुझी चूक सापडली.

त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, घशाला आहे. माझा घसा बसला होता, म्हणून मी गप्प होते, आणि गप्प होते म्हणून ऐकलं. मिरीला फळ्यापाशी बोलावलं आणि बेचाळीस वजा सतरा लिहून दिलं. ती आपल्या भाषेत पुटपुटत करू लागली. दोनातून सात जाईनात, तेव्हा भिंतीपाशी गेली, तुझ्या दशकाच्या झोपडीला हात लावला, परत आली. चाराचे तीन केले, दोनाचे बारा केले. बारातून सात, पाच. तीनातून एक, दोन. पंचवीस. फळ्यावर चक्क पंचवीस. मी शाबासकी द्यायला उठले, तेवढ्यात तिने त्यातले दोन पुसले आणि तीन केले.

घशातून जेवढा आवाज निघाला तेवढ्यात विचारलं, "का गं?"

"उसना घेतला."

"बरं, मग?"

"मग परत दिला."

सगळा वर्ग माना डोलवत होता. एकालाही त्यात चुकीचं काही दिसलं नाही. मी म्हटलं, "नाही दिला तर?" मिरी म्हणाली, "शेजारीण पुढच्या वेळी नाही देणार."

तू काय गोष्ट सांगितलीस ते मग मी मुलांकडून तुकड्या-तुकड्यांनी काढून घेतलं. एककवहिनीच्या घरातलं पीठ संपलं, कुंपणापलीकडे दशकमावशी राहते, वहिनीने तिच्याकडून उसनं आणलं. गोष्ट छान सांगितलीस. इतकी छान की पोरांनी ती पुरी केली. आपण लहानपणी फळ्यावर "एक उसना घेतला" ऐकलं आणि पाढ्यासारखं म्हणत गेलो. घेतलेल्याचं पुढे काय झालं हे आपल्यातल्या कुणी विचारलं नाही. यांना तो शब्द नवा होता, म्हणून यांनी तो अर्थासकट घेतला. उसनं आणलं की फेडायचं असतं हे तू विसरलीस, ती विसरली नाहीत.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू? मुलांचं कोडं सुटलं म्हणून नाही. तू चुकलीस म्हणून. त्या दुपारी पाचवीतल्या कुणालाही मी रागावले नाही, ती मुलं घाबरली. घरी आल्या आल्या आईला म्हणाले, तुझ्या लाडकीने पोरांना चुकीचं शिकवून ठेवलंय. आई भाजी निवडत म्हणाली, "मग तू बरोबर शिकव." हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, वजाबाकीत उसना घेतलेला परत करायचा नसतो. मिरी म्हणाली, "मग चोरी?"

मी फळ्याकडे वळून तारीख लिहीत बसले. दुसरं काय करणार होते?

थोरली

१७ नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र मोठं होणार आहे. आईचा चहा निवू दे, तिने निवलेला पिऊन बघावा.

"चोरी" या शब्दाने माझं जेवण उडवलं होतं. "चोरी नाही गं, नियमच आहे तसा" असं सांगितलं की मिरी मान डोलवायची आणि पुन्हा पस्तीस लिहायची. मला वाईट वाटू नये म्हणून डोलवायची, हे कळायचं मला. शेवटी काड्या आणल्या. दहा दहाच्या चार जुड्या, रबर लावलेल्या, आणि दोन सुट्या. एका रुमालावर मांडल्या आणि मिरीसमोर ठेवल्या.

"या कुणाच्या?"

"माझ्या."

"सतरा दे मला." तिने एक जुडी दिली, दोन सुट्या दिल्या, आणि थांबली. पाच कमी पडत होत्या. मी तिची एक जुडी उचलली, रबर काढलं, काड्या तिच्याच रुमालावर पसरल्या. "आता या कुणाच्या?"

"माझ्याच."

"मग उसनं कुणाकडून घेतलंस?"

धाकटे, तिने त्या पसरलेल्या काड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग उठली, भिंतीपाशी गेली, तुझ्या त्या कुंपणावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "हे कशाला? घर एकच ना." मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तेव्हा तिने हळूहळू, शब्द जुळवत सांगितलं. "आई मावशीच्या डब्यातून पीठ घेते. ते परत नाही देत. चूल एक. चूल एक, उसनं नाही."

सगळा वर्ग एकदम बोलायला लागला, त्यांच्या भाषेत. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

शिपायाकडून रंग मागून घेतला. तुझं कुंपण बुजवलं आणि दोन्ही झोपड्यांवर मिळून एकच छप्पर काढलं. वाकडं आलंय. चित्रकला तुझी चांगली, माझी नाही, आलीस की हसशील. दशक आणि एकक एकाच छपराखाली आहेत हे मात्र आता शेवटच्या बाकावरूनही दिसतं. "उसना" हा शब्द आम्ही टाकून दिला. आता "जुडी सोडली" म्हणतो.

तुझी कार्डंही कपाटातून काढली. मुलं मला त्यांचे आकडे शिकवतात. "जुडी सोडा" हे त्यांच्या भाषेत म्हणायचं म्हणून मी घरून पाठ करून गेले आणि छातीठोकपणे वर्गात म्हटलं. पोरं बाकांखाली गेली हसून. काय म्हणाले मी ते मिरीने काही केल्या सांगितलं नाही. आपला शिपाई त्यांच्यातलाच, तो दारात उभा होता, तोंडाला रुमाल लावून निघून गेला. दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता.

बेचाळीसातून सतरा गेले की आता पंचवीस उरतात. सगळ्यांचे. एकोणतीसचं अजून कठीण आहे, पण होईल.

आणखी एक सांगते, तुला आवडणार नाही. "धाकट्या बाई कधी येणार" हे आता कुणी विचारत नाही. परवा मीच विचारलं, काय रे, आठवतात का धाकट्या बाई? "हो," म्हणाले आणि काड्या मोजायला लागले. त्या दिवशी घरी येताना मी उगाचच बाजारातून वळसा घालून आले.

ताई

१२ डिसेंबर

धाकटे,

मोठ्या सरांनी आज सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं. तू तिकडे "उसना" या शब्दावर बोललीस. मुलं उसना परत का करतात, त्यांना "जुडी सोडली" का सांगावं, एका छपराखालचं घर, सगळं. खात्याचे साहेब खूश झाले. पुढच्या पुस्तकात घेऊ म्हणाले. "हुशार आहे हो तुमची बहीण," सर म्हणाले. मी म्हटलं, "आहेच."

आणि संध्याकाळी तुझं पत्र. "ताई, मी त्यांना सांगितलं की हे आम्हाला शाळेत सापडलं." आम्हाला! आम्ही म्हणजे दोघी, की राजेमहाराजे स्वतःला म्हणायचे तसं? साहेबांसमोर एकटी तूच उभी होतीस, त्यांनी "आम्ही" कुणाला धरलं असेल? घसा माझा बसला, छप्पर मी रंगवलं, शिपाई मला हसला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी तुला ते हौसेने लिहिलं होतं. तुला खिजवायला लिहिलं होतं. तू ते उचलून नेलंस.

पुढे लिहितेस, प्रशिक्षण लवकर संपतंय, जानेवारीत येतेस आणि "परीक्षेआधी माझी मुलं माझ्या हातात घेते." तुझी मुलं. लहानपणी माझी बाहुली अशीच न्यायचीस, आणि मी परत मागितली की आई म्हणायची, लहान आहे ती, असू दे. आता तू लहान नाहीस.

सरांना विचारलं. चालू वर्गशिक्षिकेने लिहून दिलं तर परीक्षा होईपर्यंत वर्ग बदलत नाहीत. मी लिहून दिलंय, सही करून. तू आलीस की तुला माझी पाचवी मिळेल. चांगली मुलं आहेत. तुला काय, कुणीही डोक्यावर घेतं.

आईला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

थोरली

३ जानेवारी

धाकटे,

तुझ्याकडून काही उत्तर आलं नाही. मी असते तर मीही दिलं नसतं.

आज वर्गात सांगितलं, येत्या सोमवारी धाकट्या बाई परत येतात. सांगायला हवंच होतं. वाटलं होतं, "हो" म्हणतील आणि काड्या मोजायला लागतील. धाकटे, ती बाकांवर उभी राहिली. नाचली. काड्या उधळल्या. एकीने तर तुझं नाव घेत वर्गाला फेरी मारली. मी खडूची पेटी पुसत उभी होते. एवढे महिने माझी म्हणून मिरवली ती मुलं, तुझ्या नुसत्या नावाने अशी उठली.

शाळा सुटली. सगळी गेली, मिरी मागे राहिली. जमिनीवरच्या काड्या गोळा करून तिने जुड्या बांधल्या, माझ्या टेबलावर नीट रचल्या आणि विचारलं, "बाई, तुम्ही उसन्या?"

"म्हणजे गं?"

"धाकट्या बाई नव्हत्या. मग तुम्ही आल्या. आता परत?"

मी म्हटलं, नाही, मी कुठेही जात नाही. हा वर्ग माझ्याकडेच राहणार. धाकट्या बाई पाचवीला शिकवतील. मी तसं लिहून दिलंय. हे सांगताना मला ताठ उभं राहायचं होतं, पण मी खुर्चीत बसून सांगितलं.

मिरीचे डोळे तुला माहीत आहेत. फुलीकडे बघायची तसं बघितलं माझ्याकडे.

"धाकट्या बाई तुमच्या कोण?"

"बहीण."

"वेगळ्या राहतात?"

"नाही. माझ्याच घरी. आई, मी आणि ती."

"चूल?"

मी टेबलावरची एक जुडी उचलली. तिने पुन्हा विचारलं, "चूल एक?"

"एक."

मग तिने दप्तर उचललं. "चूल एक, उसनं नाही," म्हणाली, आणि गेली. एवढंच. उत्तर तपासून घ्यायलाही थांबली नाही.

मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला तेव्हा उठले. सर कचेरीत होते. माझा अर्ज परत मागितला. म्हटलं, तिसरी तिची तिला द्या. सरांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, थांबा, पुरं ऐका. तिसरीची वजाबाकी मी घेणार. सकाळचा पहिला तास, परीक्षेपर्यंत आणि परीक्षेनंतरही. सर म्हणाले, "असं कुठे असतं का बाई? एका वर्गाला गणिताच्या दोन शिक्षिका? खात्यात तरतूद नाही." मी म्हटलं, "माझ्या बहिणीने खात्यासमोर 'आम्ही' म्हटलं ते चाललं ना? मग आता आम्हाला दोघी मोजा." सर हसले. त्यांनी वेळापत्रक काढलं आणि पेन्सिलने लिहिलं. पेनने लिहा, म्हटलं.

तेव्हा आलीस की साहेबांना एक पत्र टाक. पुस्तकात काय घ्यायचं ते घेऊ देत, पण "आम्ही" म्हणजे कोण कोण ते लिही. आधी मिरीचं नाव, हजेरीतलं, पुरं. मग माझं. मग तुझं.

माझा जळफळाट संपला असं समजू नकोस. तू वर्गात पाय टाकशील, पोरं तुझ्या अंगावर झेप घेतील, तू त्यांच्याशी त्यांच्या भाषेत भराभरा बोलशील, आणि मी वर्गाच्या दारातून ते बघत असेन. मला झोंबेल. झोंबू दे. घरात आई तुझ्या ताटात आधी वाढेल, तेही बघेन. एका चुलीवर राहायचं म्हणजे धूर डोळ्यांत जाणारच.

तुझी खाट खाली घेतली आहे, चादर घातली आहे. आईने विचारलं, "आज कसं सुचलं?" मी म्हटलं, मिरीने सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती रडायला लागली. आणि ऐक, एकाच डोळ्याने नाही.

सोमवारी स्टँडवर येते. गुडघा दुखत नाही. तेव्हाही दुखत नव्हता.

बेरीज तू घे. गुणाकार घे. भागाकाराचं आल्यावर बघू, त्यावर भांडण होणार आहे. वजाबाकीला हात लावायचा नाही. ती माझी.

तुझी,
वजाबाई